भागीरथीला वाचून दाखवलेला शेवट

ग्रंथपालाने पुस्तकं वाचायची नसतात, असं मला नोकरीच्या पहिल्याच दिवशी सांगण्यात आलं. सांगणारे आमच्या वाचनालयाचे कार्यवाह, निवृत्त तलाठी. "बाई, पुस्तक देणं, घेणं आणि जाग्यावर ठेवणं, हे तुमचं काम. मिठाईवाला मिठाई खात बसला तर दुकान चालेल काय?" मी मान हलवली आणि १९९८ पासून पुढची बारा वर्षं रोज मिठाई खाल्ली.

आमचं वाचनालय कट्टा गावच्या बाजारात, एसटी स्टॉपच्या समोर, तांदळाच्या दुकानावरच्या माळ्यावर. लाकडी जिना, दोन खोल्या, पाच कपाटं, वर्तमानपत्रांसाठी एक लांब टेबल. पंखा एकच होता आणि तो माझ्या डोक्यावर नव्हता. लोकांना वाटतं, काय आरामाची नोकरी! कोकणात पुस्तक जगवणं म्हणजे काय, ते आम्हालाच ठाऊक. पावसाळ्यात बुरशी, नंतर कसर, मधल्या वेळात उंदीर. दसरा झाला की सगळी पुस्तकं गच्चीवर उन्हाला घालायची, सुटलेली पानं खळीने चिकटवायची, आणि खळीत चिमूटभर मोरचूद टाकायचं, म्हणजे कसर लागत नाही. प्रत्येक पुस्तक आलं की दाखल नोंदवहीत त्याला एक क्रमांक मिळतो. पुढे पुस्तक हरवलं, फाटलं, कुणी पचवलं, तरी तो क्रमांक दुसऱ्याला देत नाहीत.

वाचणारी माणसं मी पुस्तकांवरून ओळखायची. कुणाच्या पानांत एसटीची तिकिटं, कुणाच्या पानांना तपकिरीचा वास. रेल्वेच्या फाटकावर नोकरीला असलेला परशुराम आठवड्याच्या सुट्टीला घरी आला की तीन कादंबऱ्या उचलायचा. त्याचं फाटक दोन डोंगरांच्या मधल्या खाचेत. दिवसात माणूस दिसला तर दिसला. त्याची मागणी ठरलेली: "बाई, एकट्याचा द्या कायतरी."

"एकट्याचं म्हणजे कसं?"

"म्हंजे हमाल, रखवालदार, असो कोणतरी. एकटो काम करता, आणि तेका सपान पडता, तसा."

मी त्याला तशी पुस्तकं काढून देऊ लागले आणि माझ्या लक्षात आलं की तशी पुष्कळ आहेत. आमच्या कथा-कादंबऱ्यांत राबणारी एकटी माणसं फार स्वप्नं बघतात. दिवसभर ओझी वाहणाऱ्याला झोपेत गाव दिसतं, दुसऱ्याच्या घरी भांडी घासणारीला मेलेली आई वेणी घालते. सकाळी ती माणसं उठतात आणि पुन्हा कामाला लागतात. त्यांना सुट्टी द्यावी, सोबत द्यावी, तर गोष्ट खोटी वाटेल. मग लेखक त्यांना स्वप्न देतो. एकदा मी परशुरामला विचारलं, की ह्यात तुला काय मिळतं? तो जरा विचार करून म्हणाला, "तेका सपनात कोणतरी भेटता. मगे माझी पाळी सोपी जाता."

मी हसले होते. भागीरथी भेटेपर्यंत मला ते नीट कळलं नव्हतं.

साधारण २००१ साल असेल. एका संध्याकाळी पस्तिशीची एक बाई जिना चढून वर आली आणि दारातच उभी राहिली. बोटं काळी पडलेली, म्हणजे काजू फॅक्टरीतली. काजूच्या बीचं टरफल फोडताना जे तेल निघतं ते कातडी जाळतं. हाताला राख लावा, खोबरेल लावा, काळेपणा महिनोन्‌महिने जात नाही.

"बाई, हय पेपर फुकट वाचूक मेळता मां?"

"मेळता. ये, बस."

ती बसली नाही. "माका वाचूक येणा नाय. तुमी जरा सांगशात? ता हरवलेल्यांचा आसता ता."

मी पेपर उघडला. 'हरवले आहेत' मध्ये त्या दिवशी एक मुलगी आणि एक म्हातारा होता. ते वाचून दाखवलं. ती हलली नाही. मग हळूच म्हणाली, "आणि दुसरा? पोलिसांचा?"

तेव्हा मला कळलं. पोलिसांची निवेदनं म्हणजे बेवारस प्रेतांची. अनोळखी इसम, वय अंदाजे चाळीस, अंगात निळा शर्ट. मी वाचलं. तिने उंची विचारली. सांगितली. "आमचो हेच्यापेक्षा उंच," ती म्हणाली, एक श्वास सोडला आणि खाली जाऊन एसटीला उभी राहिली.

ती भागीरथी. सगळे भागी म्हणत. धामापूरला तलावाच्या पलीकडे तिचं घर. मूल नाही, सासू-सासरे वारलेले. नवरा दत्ताराम गोव्यात खनिजाच्या बार्जवर खलाशी होता. वर्षातून दोनदा यायचा. एका गणपतीला आला, परत गेला, आणि तिथून पुढे ना पत्र, ना फोन, ना माणूस. दोन वर्षं होऊन गेली होती.

मग ती रोज येऊ लागली. फॅक्टरी पाचला सुटायची आणि तिची एसटी पावणेसहाला. तेवढा अर्धा-पाऊण तास ती माझ्या टेबलासमोर स्टुलावर बसायची. आधी हरवलेले, मग मेलेले. दोन्हींत दत्ताराम नाही हे कळलं की तिचा दिवस पार पडायचा. एकदा मी विचारलं, "सपनात तरी येता काय गो तो?"

"माका सपान पडतच नाय, बाई. आडवी झालंय की दगड. गावात सांगतत, गेलेलो माणूस सपनात येता, पाणी मागता. आमचो येणा नाय, म्हंजे जितो आसतलो." आणि थोडं थांबून, "पण एकदा तरी दिसाक व्हयो होतो."

दिवाळीनंतर दोन दिवस पेपर नव्हता. भागी आली, स्टुलावर बसली, माझ्या रिकाम्या टेबलाकडे बघत राहिली. तिची एसटी यायला अवकाश होता. घरी जाऊन तरी ती कुणाशी बोलणार होती? आणि खरं सांगायचं तर मी तरी कुणाशी बोलणार होते? माझ्या घरी आई होती, पण तिला ऐकू येत नव्हतं. मी हाताशी होतं ते पुस्तक उघडलं. दाखल क्रमांक ८४३. मुखपृष्ठ आणि पहिली काही पानं केव्हाच गेलेली, त्यामुळे नावही नव्हतं. मी चिकटवायला म्हणून काढून ठेवलं होतं.

गोष्ट एका मिठागरात काम करणाऱ्या बाईची, चंपाची. नवरा गलबतावर गेलेला. ती दिवसभर उन्हात लाकडी फावड्याने मीठ ओढते आणि तिला अधूनमधून त्याचं स्वप्न पडतं. पहिल्या स्वप्नात तो ओहोटीच्या वेळी मिठागरातून चालत येतो आणि त्याचे पाय पोटरीपर्यंत मिठाने पांढरे झालेले असतात. ते वाचलं तशी भागी पुढे सरकली.

"मगे?"

"मगे तिका जाग येता आणि ती कामाक जाता."

"हसता काय ती? कामाक जाताना?"

तसं पुस्तकात नव्हतं. "हसता," मी म्हणाले. बहुतेक तिथेच माझी सुरुवात झाली.

पेपर पुन्हा सुरू झाले, पण आता ती जिना चढता चढताच विचारायची, "चंपाचा काय झाला?" निवेदनं नंतर. रोज दोन-तीन पानं व्हायची. दुसऱ्या स्वप्नात नवरा छपरावर चढून कौलं सारखी करत असतो. तिसऱ्यात तो दिसतच नाही, फक्त ओसरीवरून त्याचा खोकला ऐकू येतो. त्या दिवशी भागीने तेवढा भाग मला पुन्हा वाचायला लावला. मग म्हणाली, "आमच्याकयपण खोकलो होतो. बिडयेचो." आणि उठताना, "माका पडाक नाय तरी चलता. तिचा सपान माका चलता."

त्या पाच महिन्यांत भागी बदलली. घरावरची कौलं परतून घेतली. अंगण सारवलं. परड्यात अळू लावलं. फॅक्टरीतल्या बायका सांगायच्या, की भागी आता काम करताना बोलते, चंपाची गोष्ट सांगते, आणि बी फोडणाऱ्या सगळ्या जणी ऐकतात.

शेवटची दहा पानं उरली तेव्हा मी ती आधी घरी नेऊन वाचली. चार वर्षांनी गलबताचा तांडेल एक गाठोडं घेऊन येतो. नवरा पहिल्याच पावसाच्या तोंडावर बुडालेला असतो. म्हणजे चंपाने स्वप्नात बघितला तो सगळा वेळ तो मेलेलाच होता. ती गाठोडं सोडते, आतला सदरा झटकून दोरीवर टाकते आणि मीठ ओढायला जाते. संपलं. फार चांगला शेवट आहे. मला आजही वाटतं, की तेवढा चांगला शेवट मी क्वचित वाचला.

दुसऱ्या दिवशी पोलिसांच्या निवेदनात उंची जुळली. वय जुळलं. डाव्या हातावर गोंदलेलं नाव, असं लिहिलं होतं. भागीचा काळा हात टेबलाच्या कडेवर घट्ट झाला. "काय नाव?"

नाव दुसरंच होतं. ती मागे टेकली. कपाळावरचा घाम पदराने पुसला आणि म्हणाली, "वाचा आता चंपाचा. आज येतलो मां तो?"

मी पुस्तक उघडलं. पानावरची अक्षरं दिसत होती आणि मी तिसरंच काहीतरी बोलत होते. संध्याकाळची वेळ. ओहोटी. लांबून कोणीतरी चालत येतंय. केस पिकलेत, एका पायाने लंगडतोय. चंपा फावडं खाली टाकते. तो दारात येऊन उभा राहतो.

"काय बोललो?" भागीने विचारलं.

ते मी ठरवलं नव्हतं. मी पान उलटल्यासारखं केलं. "'पेज आसा काय?' असं म्हणालो."

भागी हसली. मोठ्याने हसली. "तसोच बोलतलो! सगळे दादले सारके!" आणि मग पदर तोंडाला लावून ती इतकी रडली की खालचा दुकानदार जिन्यात येऊन बघून गेला.

तो शेवट मी नंतर तिला कितीदा वाचून दाखवला, त्याला हिशेब नाही. एका शनिवारी फॅक्टरीतल्या पाच जणी तिच्याबरोबर वर आल्या. "बाई, तो पेजेचो भाग वाचा." मी वाचला. बायका डोळे पुसत खाली गेल्या. मूळ लेखकाचा शेवट आमच्या गावात कुणाला ठाऊक नव्हता आणि माझा शेवट तीन-चार वाड्यांत पोचला होता. ह्याचा मला थोडा गर्व वाटत असे. आज लिहिताना लाज वाटते, पण वाटत असे हे खरं.

मे महिन्यात भागीचा भाऊ गुरुनाथ आला. तो कोल्हापुरात एका बेकरीत भट्टीवर होता. बहिणीला न्यायला आला होता, ती तयार नव्हती. तो सरळ वाचनालयात आला. साधा, थकलेला माणूस. पायातल्या चपला दाराबाहेर काढून आत आला.

"बाई, तुमी तिका कसली पुस्तकां वाचून दाखवतात?"

"कित्याक? काय झाला?"

"मी सांगलंय, चल माझ्यावांगडा. एक खोली आसा, बायकोक मदत होईत, तुका सोबत होईत. तर म्हणता, घर बंद दिसला तर तो परत जायत. चंपान घर बंद केल्यान नाय. कोण ही चंपा?"

"गोष्टीतली."

"मगे तिका सांगा, गोष्ट ती गोष्ट. तुमचा ती आयकतली."

त्या वेळी मी सांगू शकत होते. कपाट उघडून, खरा शेवट वाचून दाखवायला दहा मिनिटं पुरली असती. मी म्हणाले, "बघतंय." गुरुनाथ दोन दिवस राहिला आणि एकटाच परत गेला.

त्या पावसाळ्यात फॅक्टरी बंद होती. भागी महिनाभर दिसली नाही. पुन्हा आली तेव्हा गालफडं बसलेली. तापाने घरात पडून होती, दोन दिवस दार उघडलं नाही म्हणून शेजाऱ्यांनी कडी काढली, तेव्हा दवाखान्यात नेलं. हे सगळं तिने मला हसत सांगितलं. "मरतंय की काय वाटला. पण म्हटला, तो येवन बघतलो तर कोण नाय."

मी तेव्हाही कपाट उघडलं नाही.

पुढच्या वर्षी गावातल्या शाळेत प्रौढांचा वर्ग निघाला आणि भागीने नाव घातलं. "चंपा माझी मी वाचतलंय," ती म्हणाली. कुणी अक्षर शिकतंय म्हणून ग्रंथपालाला भीती वाटावी, असं ह्या धंद्यात दुसऱ्या कुणाचं झालं नसेल. ती माझ्या टेबलावर बसून पेपरचे मथळे बोटाने लावू लागली. 'आं-बा', 'पा-णी', 'निव-ड-णूक'. मी शाबासकी द्यायची, आणि एक दिवस ८४३ नंबरचं पुस्तक मी कुलपाच्या कपाटात, जुन्या नोंदवह्यांच्या मागे ठेवून दिलं. तिने मागितलं तेव्हा म्हणाले, बांधणीला दिलंय. वाचकापासून पुस्तक लपवणं हे आमच्यात पाप आहे. मी ते वर्षभर केलं.

मग माझी आई आजारी पडली. तिला कणकवलीला दवाखान्यात ठेवलं. मी सतरा दिवस तिथे होते, आणि अठराव्या दिवशी एकटी परत आले. तेरावा झाल्यावर कामावर हजर झाले. मधल्या काळात कार्यवाहांची पुतणी वाचनालय बघत होती. हुशार मुलगी. तिने दाखल नोंदवहीप्रमाणे पुस्तकं तपासली, जी जाग्यावर नव्हती ती शोधून काढली, आणि कुलपाचं कपाटही उघडलं.

देवघेवीच्या वहीत नवीन सभासदाची नोंद होती. पुस्तक क्रमांक ८४३. पुढे सही, प्रत्येक अक्षर वेगळ्या दिशेला झुकलेलं: भागीरथी. मी ती सही बघत किती वेळ बसले! अभिमान आणि भीती माणसाला एकाच वेळी वाटू शकतात, हे त्या दिवशी कळलं.

पुस्तक परत करायची मुदत पंधरा दिवसांची. पंधरा दिवस झाले, महिना झाला. भागी वर येत नव्हती. सोमवारी वाचनालयाला सुट्टी, आणि त्या सोमवारी काजूची आवक नव्हती म्हणून फॅक्टरीही बंद. मी धामापूरला गेले. तलावाच्या बाजूने चालत तिचं घर गाठलं. ती ओसरीवर बसली होती, पुस्तक मांडीवर.

"बसा," ती म्हणाली.

मी बसले.

"परवा संपला." तिने शेवटची पानं माझ्यासमोर धरली. कडांवर सगळीकडे काळ्या बोटांचे ठसे. "'पेज आसा काय' ह्या खंय लिवलाहा? माका दाखवा. मी तीनदा बघलंय. माका वाटला, माका वाचूकच येणा नाय."

ह्या वाक्यासाठी मी तयार नव्हते. ती आधी स्वतःलाच चुकीची समजली होती.

"तुका वाचूक येता, भागी. ता पुस्तकात नाय. ता मी घातलंय."

"कित्याक?"

"त्या दिवशी पेपरात ता आयकान तू घाबरलंस. तुका कसा सांगू, म्हणान..."

"माझ्यासाठी?"

मी हो म्हणणार होते. म्हणवलं नाही. "माका ता वाचवला नसता."

"म्हंजे तुमच्यासाठी."

ती उठून आत गेली. मला वाटलं, आता जावं. पण ती चहा घेऊन आली. चहात साखर नव्हती. विसरली की घातली नाही, ते मी विचारलं नाही. सगळा प्यायले.

"ती चार वर्सां मेलेल्या माणसाचा सपान बघी होती," भागी म्हणाली.

"होय."

"आणि भावाक मी परत धाडलंय."

"चुकला माझा, भागी."

तिने पुस्तक माझ्या हातात दिलं. "परत घेवन जावा. मुदत टळली."

नंतर दोन महिने ती रोज संध्याकाळी एसटी स्टॉपवर, वाचनालयाकडे पाठ करून उभी राहायची. मी खिडकीतून बघायची. आई गेल्यापासून घरी कुलूप होतं, आणि पाच ते पावणेसहा ह्या वेळात आता कुणी स्टुलावर बसत नव्हतं. वाचक येत, पुस्तकं नेत. माझ्याशी बोलायची त्यांना गरज नसायची. मी परशुरामसारखी झाले. एकट्यांची पुस्तकं काढून वाचायची, पण स्वप्नाच्या पानाशी आले की मिटून ठेवायची.

मग एक दिवस जिना वाजला. भागी दारात उभी.

"मी गोव्याक जातंय. तेका शोधूक. ती चंपा नुसती बसान रवली. मी बसाचंय नाय." मग जमिनीकडे बघत, "पाटी वाचूक येता माका. पण कचेरीतल्या माणसांवांगडा बोलूचा कसा, ता कळना नाय. तुमी येशात?"

आम्ही कुडाळहून पणजीची एसटी पकडली. बार्जचं नाव तिला ठाऊक होतं, तेवढंच. जेटीवरच्या एका कचेरीत मी माझ्या पुस्तकी मराठीत विचारपूस केली. कारकून भला होता, पण नोंद एवढीच, की माणूस काम सोडून गेला. बाहेर आलो तेव्हा बार्जवर स्वयंपाक करणारा एक म्हातारा सावलीत मासे साफ करत होता. मूळचा वेंगुर्ल्याकडचा. दत्ताराम म्हटल्यावर त्याने हातातला सुरा खाली ठेवला आणि भागीकडे बघितलं.

"तुमी कोण तेचे?"

"बायल," भागी म्हणाली.

म्हाताऱ्याने हात लुंगीला पुसले. मग त्याने जेवढं होतं तेवढं सांगितलं. दत्ताराम जिवंत होता. वास्कोला एका बाईबरोबर राहत होता. तीन वर्षांची एक मुलगी होती. आता तो बंदरात टगवर, म्हणजे जहाजं ओढणाऱ्या बोटीवर, कामाला होता. "लांब नाय. पत्तो देव?"

भागीने मान हलवली. नको. समोरून एक बार्ज लाल माती भरून संथ चालला होता. तो वळेपर्यंत ती बघत राहिली.

"बरो आसा मां तो?"

"बरो आसा."

"खोकता अजून?"

"खोकता. बिडी सुटणा नाय."

"सांगा नको तेका, मी इल्लंय म्हणान," ती म्हणाली आणि चालू लागली.

परतीच्या एसटीत बांदा येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. बांद्याला माणसं उतरली, चढली. तेव्हा म्हणाली, "जितो आसा. तुमचो शेवट अर्धो खरो झालो, बाई." हे तिने रागाने म्हटलं की कसं, ते मला आजपर्यंत ठरवता आलेलं नाही. पुढे तिला झोप लागली. तिचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. कुडाळपर्यंत मी हात हलवला नाही.

तिने गुरुनाथला पत्र घातलं. स्वतःच्या अक्षरात, आयुष्यातलं पहिलं. त्याचं उत्तर आलं ते तिने मला आणून दाखवलं. तू लिहायला शिकलीस हे बघून डोळे भरले, असं त्याने लिहिलं होतं. आणि खाली, की त्या खोलीत आता बायकोची आई राहते, ती अंथरुणाला खिळलेली आहे, पण तू ये, काहीतरी करू. भागी गेली नाही. दुसऱ्याच्या अडचणीत आपली भर नको, म्हणाली. दोन वर्षांपूर्वी ती खोली रिकामी होती. ती कुणामुळे हातची गेली, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. तिने कधी बोलून दाखवलं नाही, आणि तेच मला जास्त लागतं.

फॅक्टरी चालू राहिली. भागी सकाळी यायची, बी फोडायची, संध्याकाळी स्टॉपवर उभी राहायची. गोव्याहून आल्यावर महिनाभराने, पाच वाजून गेल्यावर ती वर आली आणि स्टुलावर बसली. पेपरकडे तिने बघितलंही नाही.

"दुसरा पुस्तक काढा."

मी कपाटातून एक कादंबरी काढून तिच्यासमोर ठेवली. वाट पाहिली. तिने ती माझ्याकडे परत सरकवली.

"तुका आता वाचूक येता मां?" मी म्हणाले.

"येता. पण आयकाक बरा वाटता." मग माझ्या डोळ्यांत बघून, "शेवट आसा तसोच वाचूचो."

ती एका म्हाताऱ्या शिंप्याची गोष्ट होती. मुलगा दूर गेलेला, डोळे अधू झालेले, दुकानात एकटा. त्यालाही स्वप्नं पडायची. आम्हाला संपवायला दोन महिने लागले. शेवटच्या दिवशी मी वाचत होते आणि कुठे चाललंय ते मला दिसत होतं. मुलगा यायचा नव्हता. बाहेर तिची एसटी येऊन उभी राहिली, कंडक्टरने घंटी दिली, ती उठली नाही. गाडी गेली. शिंपी मशिनवर कापड घालतो त्या वाक्याशी आले. मी थांबले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"वाच गो," भागी म्हणाली. "मी आसंय हय."

इतक्या वर्षांत तिने मला पहिल्यांदाच एकेरी हाक मारली होती. मी पान उलटलं आणि लिहिलं होतं तसं वाचलं.